साडेतीन हजार शब्दांची भिंत

इंग्रजी भाषेने भारताच्या समाजव्यवस्थेकडून जे शब्द उचलले त्यात दोन शब्द फार बोलके आहेत. एक 'पंडित' आणि दुसरा 'परिया'. इंग्रजीत 'पंडित' म्हणजे एखाद्या विषयातला जाणकार, ज्याचे मत वर्तमानपत्रवाले आणि टीव्हीवाले विचारायला जातात तो. आणि 'परिया' म्हणजे ज्याला सगळ्यांनी वाळीत टाकले आहे तो. हा दुसरा शब्द तामिळनाडूतील परैयर या जातीच्या नावावरून आला. तामिळमध्ये 'परै' म्हणजे एक चर्मवाद्य. आपल्याकडची हलगी डोळ्यांसमोर आणा म्हणजे ते वाद्यही कळेल आणि ते वाजवणाऱ्याचे गावातले स्थानही कळेल. गोरे साहेब आले, त्यांनी ही उतरंड पाहिली आणि वरच्या टोकाचा शब्द 'विद्वान' या अर्थाने, तर खालच्या टोकाचा शब्द 'बहिष्कृत' या अर्थाने आपल्या कोशात नेऊन ठेवला. अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जीआरई नावाची जी प्रवेश परीक्षा घेतली जाते, तिच्या तयारीच्या शब्दयाद्यांत हे दोन्ही शब्द सापडतात. आणि आमची मुले त्यांच्यामागचा इतिहास कोणी न सांगितल्यामुळे ते दोन्ही शब्द कोरडेपणाने घोकत बसतात!

चळवळीच्या वर्तमानपत्रात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण सांगतो. परदेश शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र करायला माझ्याकडे मुले येतात. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांची सोय आहे. केंद्राची वेगळी योजना आहे. कागदपत्रे पाहता पाहता मी सहज विचारतो, "हेच विद्यापीठ का निवडले?" विषयाचे नाव, प्राध्यापकाचे नाव, ग्रंथालयाचे नाव यातले काही ऐकू येईल अशी अपेक्षा असते. बऱ्याचदा उत्तर येते, "सर, तिथे जीआरई लागत नाही." म्हणजे ज्याला संख्याशास्त्र शिकायचे आहे तो, आणि जिला सार्वजनिक आरोग्य शिकायचे आहे ती, दोघेही विषय पाहून वाट धरत नाहीत, तर एका परीक्षेचा फाटा चुकवत चालतात. त्या परीक्षेतले गणित त्यांना अवघड वाटत नाही. भीती असते ती शब्दांची.

ही भीती आली कुठून? बॅरन्स या प्रकाशनाच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकात साडेतीन हजार शब्दांची यादी होती. पिढ्यान्‌पिढ्या भारतातली मुले ती यादी 'ए'पासून सुरू करून 'सी'पर्यंत पोचली की सोडून देत आली. ती जाड पुस्तके अजूनही रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळतात आणि गरिबाचे पोर स्वस्त म्हणून तीच उचलते. इथे पहिली सावधगिरी. ऑगस्ट २०११ मध्ये या परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न काढून टाकले. २००–८०० ची गुणपद्धती जाऊन १३०–१७० ची आली. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षा पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली. भाषेचे प्रश्न आता २७ आणि वेळ ४१ मिनिटे. त्यातले निम्म्याच्या आसपास उताऱ्यावरचे. उरलेल्यांत वाक्यातली गाळलेली जागा भरायची, किंवा सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. सुटा शब्द समोर टाकून 'सांग याचा अर्थ' असे आता कोणी विचारत नाही. शब्द वाक्यातच भेटतो. तेव्हा २०११ पूर्वीचे पुस्तक कोणी फुकट दिले तरी घेऊ नका.

हे बदल आपोआप झाले नाहीत. अशा परीक्षा बुद्धी मोजतात की घरातली पुस्तकांची कपाटे मोजतात, हा वाद अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी आणि त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे लढवला. पदवी प्रवेशाच्या सॅट परीक्षेतला एक प्रश्न त्या वादात गाजला. धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, ते कोणाचे कशाशी? उत्तर होते, वल्हे मारणाऱ्याचे 'रेगाटा'शी. रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा सोहळा. ज्या घरातले लोक रविवारी असल्या शर्यती पाहायला जातात त्या घरातल्या मुलाला हे उत्तर दुधाबरोबर मिळाले; कारखान्यातल्या मजुराच्या मुलाने ते कुठून आणावे? सॅटमधून हे जोड्यांचे प्रश्न २००५ मध्ये गेले. आपल्याला हा अन्याय नवा नाही. भाषेचे दार कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी लावायचे, हे ठरवणारे आपल्याकडे शतकानुशतके बसलेले होते. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून पर्शियन घ्यावी लागली.

पण अन्याय ओळखणे वेगळे आणि त्याच्यापुढे बसून राहणे वेगळे. सुभेदार रामजींनी काय केले? मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली, योग्य जागी योग्य शब्द कोणता हे त्याला शोधायला लावले. घरात बोलायची भाषा मराठी, वस्ती कामगारांची, आणि मुलाची तयारी मात्र अशी की १९१३ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचता झाला. (जीआरई तेव्हा नव्हती. १९३० च्या दशकात ती सुरू झाली तेव्हा तिचा प्रयोग करणाऱ्या पहिल्या चार विद्यापीठांत हेच कोलंबिया होते.)

आता मुद्द्याची गोष्ट. शब्द कसे शिकायचे?

तो निबंधच उघडा. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे, आणि हा खंड आपल्या कितीतरी घरांत फोटोशेजारी ठेवलेला असतो. त्या निबंधाचा कणा एका शब्दावर उभा आहे: 'एन्डोगॅमी', म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हा शब्द फोडा. 'एन्डो' म्हणजे आत, 'गॅमॉस' म्हणजे लग्न; दोन्ही ग्रीक. आता 'एक्झो' म्हणजे बाहेर, की 'एक्झोगॅमी' कळली. 'पॉली' म्हणजे अनेक, की 'पॉलिगॅमी' कळली. 'मिसो' म्हणजे द्वेष, की 'मिसोगॅमी' म्हणजे लग्नाचा तिटकारा, 'मिसॉजिनी' म्हणजे स्त्रीद्वेष आणि 'मिसॅन्थ्रोप' म्हणजे माणूसघाणा. एका शब्दाच्या मुळापासून पाच शब्द हाताला लागले, आणि तेही यादी न घोकता. त्याच खंडात 'अ‍ॅनायहिलेशन ऑफ कास्ट' आहे. 'निहिल' म्हणजे लॅटिनमध्ये काहीही नाही. 'अ‍ॅनायहिलेट' म्हणजे काही शिल्लक न ठेवणे. सुधारणा, डागडुजी, सौम्य करणे असे कितीतरी शब्द हाताशी असताना १९३६ मध्ये बाबासाहेबांनी हाच शब्द का वापरला, हे ज्या मुलीला कळले तिला 'मिटिगेट' म्हणजे सौम्य करणे आणि 'अ‍ॅनायहिलेट' यांतला फरक परीक्षेत कधीच चुकणार नाही.

'कास्ट' हाच शब्द घ्या. तो इंग्रजीत पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. बहुतेक कोशकार त्याचे मूळ लॅटिन 'कास्तुस' म्हणजे शुद्ध या शब्दाशी जोडतात. त्याच 'कास्तुस'पासून 'चेस्ट' म्हणजे शीलवान, आणि 'कॅस्टिगेट' म्हणजे कठोर शब्दांत झोडपणे. शुद्धीच्या नावाखाली शिक्षा! आपल्या लोकांना याचे स्पष्टीकरण वेगळे द्यायला नको.

लॅटिन आणि ग्रीक म्हणजे परक्यांच्या भाषा, असे वाटून मुले बिचकतात. पण या भाषांचे आपल्या भाषांशी जुने नाते आहे. बैलाच्या मानेवरचे 'जू' आणि लॅटिनमधले 'युगुम' एकाच घराण्यातले. त्यावरून 'सब्जुगेट' म्हणजे जुवाखाली आणणे, गुलाम करणे. पालीतले 'ञाण' आणि ग्रीकमधले 'ग्नो' सख्खे आहेत. म्हणून 'अ‍ॅग्नॉस्टिक', 'प्रोग्नोसिस', 'कॉग्निझंट' या सगळ्यांत जाणण्याची गोष्ट आहे. 'फ्रॅटर्निटी'तला 'फ्राटर' हा आपला 'भ्राता'. आणि विहारात रोज पाचवे शील घेणाऱ्याला 'अ‍ॅब्स्टेमियस' हा शब्द जड का जावा? लॅटिनमध्ये 'टेमेटुम' म्हणजे मद्य. त्यापासून दूर राहणारा तो 'अ‍ॅब्स्टेमियस'. 'वेरमणी'चा अर्थ ज्याने समजून घेतला आहे त्याला हा शब्द ओळखीचाच वाटेल. अर्थात, पालीचा अर्थ न समजता सूर लावून म्हणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. ती सवय गाथांना बाधते तशी शब्दांनाही बाधते.

अर्थ मराठीत नेमका लावायला शिका. क्लासवाल्यांच्या यादीत 'टॅसिटर्न', 'लॅकॉनिक', 'टर्स' या तिन्हींपुढे 'कमी बोलणारा' एवढेच लिहिलेले असते. मराठी इतकी गरीब नाही. 'टॅसिटर्न' म्हणजे घुमा. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजक्या शब्दांत पुरते बोलून मोकळा होणारा. 'टर्स'मध्ये थोडा तुटकपणाही येतो. उलट बाजूला 'गॅर्युलस' म्हणजे वाचाळ आणि 'व्हर्बोज' म्हणजे पाल्हाळिक. 'रिकॅल्सिट्रंट' म्हणजे अडेलतट्टू. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच लाथा झाडणे असा आहे. 'सिकोफंट'ला तर आपल्याकडे तयार शब्द आहे. मान्यवर कांशीरामजींनी १९८२ मध्ये त्या जमातीवर अख्खे पुस्तक लिहिले, 'चमचा युग'! आणि शब्दाला बाजू असते हे विसरू नका. 'टेनेशियस' म्हणजे चिवट, ही स्तुती. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हेकट, ही निंदा. गुण एकच. प्रस्थापितांची वर्तमानपत्रे त्यांच्या नेत्याला पहिला शब्द लावतात आणि आपल्या कार्यकर्त्याला दुसरा. हे रोज वाचणाऱ्या आपल्या मुलाला शब्दाची बाजू ओळखण्याचे शिक्षण फुकटच मिळालेले आहे.

एक फसवी तिकडी सांगतो. 'इंडिजंट', 'इंडिजिनस', 'इंडिग्नंट'. पहिल्याचा अर्थ निर्धन, दुसऱ्याचा मूळनिवासी, तिसऱ्याचा अन्यायाने संतापलेला. मुले नेमकी यांत गोंधळतात, आणि आपल्याला तर तिन्ही लागू! वकिलाला पहिला शब्द रोजचा आहे. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्याचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३३ व्या आदेशाखाली चालतो. तिथे पूर्वी 'पॉपर' म्हणजे कंगाल असा शब्द होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो जाऊन 'इंडिजंट पर्सन' आला. माणूस तितकाच गरीब राहिला, पण शब्दातली हेटाळणी कमी झाली. असे फरक ओळखणे म्हणजेच शब्दज्ञान.

कायद्याची भाषा या परीक्षेला किती जवळची आहे हे आपल्या विधी शाखेच्या मुलांनाही ठाऊक नसते. 'कॉरोबोरेट' म्हणजे पुराव्याला पुराव्याने बळकटी देणे, 'एक्झॉनरेट' म्हणजे दोषमुक्त करणे, 'अ‍ॅब्रोगेट' म्हणजे रद्द करणे, 'अ‍ॅक्विएस' म्हणजे गप्प राहून मान्य करणे, हे सगळे निकालपत्रांतले शब्द आहेत. 'सँक्शन' दुधारी आहे. सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती मंजुरीही 'सँक्शन' आणि एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंधही 'सँक्शन'. सोप्या दिसणाऱ्या शब्दांचे असे आडवे अर्थ परीक्षकांना फार आवडतात. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी हे सर्वांना माहीत. 'पेडेस्ट्रियन' लेखन म्हणजे रटाळ लेखन, हे परीक्षेत विचारतात. 'चेक' म्हणजे रोखणे, 'फ्लॅग' म्हणजे उत्साह मावळणे, 'क्वालिफाय' म्हणजे विधानाला मर्यादा घालणे. मोठमोठ्या शब्दांच्या मागे लागलेली मुले या लहान शब्दांपाशी अडखळून पडतात.

आणि वाक्याचा सांधा. कायद्यात 'नॉटविथस्टँडिंग' हा शब्द आला की आधीच्या साऱ्या तरतुदी बाजूला सरतात. जीआरईच्या वाक्यात 'ऑल्दो', 'ऑल्बीट', 'फार फ्रॉम' हे शब्द तेच काम करतात. समजा वाक्य असे आहे: "गाव त्याला ___ समजत असे, तरीही ग्रामसभेत त्या दिवशी तो तासभर बोलत राहिला." 'तरीही' दिसला की गाळलेल्या जागी कमी बोलण्याचा शब्द हवा, हे पर्याय न वाचताच कळते. आधी आपला मराठी शब्द मनात भरा, मग पर्यायांकडे बघा. दोन शब्द निवडायचे असतील तर 'टॅसिटर्न' आणि 'रेटिसंट' निवडा. एकाच वाक्यात दोन-तीन जागा रिकाम्या असतील तर सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतो, एक चुकली की शून्य. मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरे काही सोडू नये.

पाठांतर अजिबातच नको, असे माझे म्हणणे नाही. शब्द स्मरणात राहावे लागतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवले की शिकलेले सर्वांत वेगाने पहिल्या एक-दोन दिवसांत गळते. म्हणून उजळणी आज, उद्या, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने. मोबाईलवर यासाठी फुकट अ‍ॅप आहेत. मोबाईल नको असेल तर जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि आपल्या वस्तीतल्या माणसावर आपण केलेले वाक्य लिहा. चपलेच्या खोक्यात पाच कप्पे करा. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेले पुन्हा पहिल्यात. ही युक्ती सेबास्तियान लाइटनर या लेखकाची, १९७० च्या दशकातली. रोज दहा शब्द घेतले तर हजार शब्दांना शंभर दिवस लागतात, आणि हजार शब्द नीट आले तर साडेतीन हजारांच्या यादीची भीती बाळगायचे कारण नाही.

आता थोडे पैशांविषयी. परीक्षेची फी वीस हजार रुपयांच्या वर आहे. शेतमजूर आई-बापाच्या घरात हा आकडा काय असतो ते मी सांगायला नको. त्यात खाजगी क्लासवाले त्याहून अधिक पैसे घेऊन झेरॉक्स केलेल्या याद्या हातात ठेवतात. म्हणून आधी तपासा की आपल्याला हव्या असलेल्या विभागाला जीआरई लागते का. २०२० नंतर अनेक विभागांनी ती काढून टाकली आहे किंवा ऐच्छिक केली आहे, आणि एकाच विद्यापीठात एक विभाग मागतो, दुसरा मागत नाही. लागत नसेल तर वीस हजार वाचले, आनंदच आहे. पण आपला विषय, आपला प्राध्यापक जिथे आहे तिथे ती लागत असेल, तर शब्दांना भिऊन दुसरे दार धरू नका.

आपल्या विहारांत रविवारी वंदना होते, त्यानंतर चहा आणि राजकारण होते. त्यातला एक तास मागा. फळा असतो, खडू असतो. पहिल्या खंडातले एक पान एकाने मोठ्याने वाचायचे, अडलेला शब्द दुसऱ्याने फोडायचा, तिसऱ्याने त्यावर वाक्य करायचे. बँकेतले, एलआयसीतले, शाळेतले आपले निवृत्त कर्मचारी गावोगाव आहेत. त्यांचे इंग्रजी कार्यालयीन असेल, पण शब्दकोश उघडण्याची शिस्त त्यांना आहे. ज्यांची मुले परदेशात शिकून स्थिरावली आहेत त्यांनी त्या मुलांना महिन्यातून एक तास व्हिडिओवर बसवावे. वर्गणी गोळा करायचीच असेल तर एका मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी करावी. एका जयंतीच्या डीजेच्या खर्चात अशा किती मुली बसतील, याचा हिशेब मंडळाच्या खजिनदाराने एकदा मांडून पाहावा.

वेळापत्रकाचे सांगून थांबतो. अमेरिकेतील विद्यापीठांचे सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि त्यासाठीचे बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात. म्हणजे परीक्षा सप्टेंबरपर्यंत द्यायला हवी आणि शब्दांची खोकी फेब्रुवारी-मार्चमध्येच भरायला हवीत. गुण पाच वर्षे चालतात, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच परीक्षा दिलेली बरी. गुण कमी पडले तर एकवीस दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. आणि नोंदणीपूर्वी पासपोर्टवरचे नाव आणि गुणपत्रिकांवरचे नाव अक्षर न अक्षर जुळते का ते पाहा. आडनाव बदललेल्या आपल्या घरांत ते हमखास जुळत नाही, आणि राजपत्रात नावाचा बदल छापून यायला वेळ लागतो. ते काम शब्दांच्या पहिल्या कार्डाबरोबरच सुरू करा.